कुसुम डबा उघडेल

नागपूरच्या महाल भागातल्या त्या मुलींच्या शाळेत शारीरिक शिक्षण आणि आरोग्य या विषयाचं वार्षिक नियोजन दर जुलैत तयार होई, आणि ते शिक्षक नव्हे, कारकून तयार करीत. कारकुनाचं नाव दादाजी. अक्षर असं की छापखान्याने लाजावं. गेल्या वर्षीची फाईल काढायची, कोरे ताव घ्यायचे, साल बदलायचं आणि बाकी सगळं जसंच्या तसं उतरवायचं. मग मुख्याध्यापक सही करीत, तपासणीला आलेले साहेब सही करीत आणि फाईल कपाटात जाई. बारा वर्षांत ते कोणी वाचलं नव्हतं. वाचलं असतं तर कळलं असतं, की डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आठवीच्या मुलींना नदीत पोहायला शिकवायचं आहे. मूळ कागद कुठल्यातरी नदीकाठच्या मुलांच्या शाळेतून आले होते म्हणे. नागपुरात नदी म्हणजे नाग नदी, आणि तिच्यात म्हैससुद्धा विचार करून उतरते.

त्र्याहत्तर साली या शाळेत कौशल्या गजभिये आली. इंदोऱ्याची, कापडगिरणीत साचा चालवणाऱ्या रामाजींची पोरगी. छप्पन साली दीक्षेला बापाच्या खांद्यावर बसून गेलेली. अमरावतीला राहून शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेली, कबड्डीत घोट्याला हात घातला की सोडत नसे. नेमणूक एका वर्षाची होती. वर्ष बरं गेलं, मुख्याध्यापकांनी चांगला शेरा दिला, की कायम. रामाजींना दम्याने घरी बसवलं होतं, त्यामुळे ते कायम होणं घरातल्या सगळ्यांच्या ओठांवर असे.

पहिल्याच महिन्यात तिला कळलं, की खेळाचा तास नावालाच आहे. तो गणिताच्या बाई मागून घेत, नाहीतर मुलींना मैदानातले खडे वेचायला लावत. आणि प्रार्थनेला रोज एक तरी मुलगी कोसळे. आठवी 'ब'ची कुसुम तर पंधरा दिवसांत दोनदा. शिक्षकखोलीत निदान तयारच असे, "घरी खायला नसेल." कौशल्यालाही तेच वाटलं. माणूस शिकला तरी गरिबाच्या पोरीबद्दल पहिला विचार तोच करतो.

मुलींची वजनं घ्यावीत म्हटलं तर शाळेत काटा नाही. मग एका शनिवारी ती आठवी 'ब'च्या एक्केचाळीस पोरींची रांग करून सरळ कोपऱ्यावरच्या लाकडाच्या टालीवर घेऊन गेली. टालवाला लहानू आधी हसला, मग त्याने जळाऊ लाकडं तोलायच्या मोठ्या काट्याचं पारडं फडक्याने पुसून दिलं. एकेक पोरगी पारड्यात बसली. कुसुम बसली तेव्हा लहानूने वजन काढून पुन्हा ठेवलं.

"चोवीस किलो," तो म्हणाला. "बाई, हिच्यापक्षा माह्या टालीतलं ओलं लाकूड भारी आहे."

सोमवारी मधल्या सुट्टीत कौशल्याने कुसुमला नळाजवळ गाठलं आणि तिच्या दप्तरातला डबा उघडायला लावला. आत ज्वारीची दीड भाकर आणि वांग्याची भाजी होती. वर तेल सुटलेलं. कोणीतरी पहाटे उठून जीव लावून केलेली.

"काहून नाही खाल्लं वं?"

"भूक नाही लागत, बाई."

"खोटं नको बोलू मायासमोर."

कुसुम नळाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "ओट्यावर बसली तं पोरी सरकतात. कोणी काही म्हणत नाही बाई. फक्त सरकतात."

"मंग भिंतीजवळ आपल्या बस्तीतल्या पोरीत बस नं."

"त्या म्हणतात, पहिल्या बाकावर बसतेस, तं जेवालेही तिकडंच जा."

डबा रोज घरी परत जाई, आणि वाटेत गाईला घातला जाई, म्हणजे आईला कळू नये. कौशल्याला संताप आला, आणि तो साधासुधा नव्हता. हे सरकणं तिच्या ओळखीचं होतं. तिच्या स्वतःच्या शाळेत ती चार वर्षं मुतारीच्या भिंतीआड उभ्यानं जेवली होती आणि आपणच लाजत राहिली होती. लाज ज्यांना वाटायला हवी ते मजेत ओट्यावर बसले होते.

त्या आठवड्यात तिने स्वतःचं नियोजन लिहिलं, चार ताव भरून. त्यात कबड्डी होती, लंगडी होती, दर तीन महिन्यांनी वजन होतं, मुलींना महिन्याची अडचण म्हणजे काय हे नीट, न कुजबुजता सांगायचे दोन तास होते. आणि सुट्टीला लागून येणाऱ्या मंगळवारच्या तासात लिहिलं होतं: सर्व मुलींनी मैदानात गोल बसून डबा खाणे, जागा चिठ्ठ्या टाकून ठरवणे. उजवीकडच्या रकान्यात 'अपेक्षित परिणाम' लिहायचा असतो. तिथे बाकीचे शिक्षक सहकार्यवृत्ती वाढेल, शिस्त लागेल असलं काहीतरी खरडत. कौशल्याने तिसऱ्या आठवड्यासमोर लिहिलं, 'कुसुम डबा उघडेल.'

मुख्याध्यापक गोपाळराव वाईट माणूस नव्हते. ते फक्त भित्रे होते, आणि भित्रा माणूस खुर्चीत बसला की वाईटाला त्याच्याकडून फुकटात काम करून घेता येतं.

"लाकडाच्या काट्यावर मुली तोलल्या तुम्ही. पालक येऊन बसले होते माझ्याकडे, नजर लागते म्हणाले," ते म्हणाले. "आणि हे काय? डबा खाणं हा कोणता व्यायाम?"

"सर, शाळेतला सगळ्यात कठीण. एकदा करून तर पाहा."

"आणि हे मुलींचं महिन्याचं... मला वाचवतही नाही."

"तुम्हाला वाचवत नाही, त्यांना दर महिन्याला सोसावं लागतं."

गोपाळरावांनी चारही ताव तिच्याकडे सरकवले. त्यांचा आवाज चढला नाही. "कौशल्याबाई, तुम्ही एका वर्षासाठी आहात, हे विसरू नका. जुन्या नियोजनावर बारा वर्षांच्या सह्या आहेत. तेच जाईल."

तेच गेलं. दादाजींनी साल बदललं, सही झाली, फाईल कपाटात गेली. कौशल्याने ताव घडी करून पेटीत ठेवले आणि शिट्टी गळ्यात अडकवून मैदानात गेली. पण एक गोष्ट तिच्या डोक्यात घट्ट बसली. या शाळेत जे एकदा कपाटात गेलं ते कोणी वाचत नाही, कोणी बदलत नाही आणि कोणी काढून टाकतही नाही.

डिसेंबरात तपासणीची तारीख आठ दिवस आधी कळली. कौशल्याने दादाजींकडून फाईल मागून घेतली, तपासणीच्या तारखेचा आठवडा उघडला आणि तिला हसू फुटलं. घरी तिने बापाला सांगितलं. रामाजी खोकत उठून बसले.

"मार्चात कायम होऊन राहिली तू. आता काहून तोंडाले लागतेस मोठ्या माणसाच्या?"

"बाबा, छप्पन साली तुम्ही कोणाले विचारून गेले होते?"

रामाजी पुन्हा आडवे झाले. त्यांनी पांघरूण ओढून घेतलं, आणि थोड्या वेळाने आतून आवाज आला, "टावेल हवा असन तं माहा ने."

तपासणी अधिकारी रुपराव साहेब जीपमधून उतरले तेव्हा फाटकाशी आठवी 'ब'च्या मुली दोन-दोनच्या रांगेत उभ्या होत्या. प्रत्येकीच्या खांद्यावर टॉवेल नाहीतर फडका. पुढे कौशल्या, खांद्यावर रामाजींचा लाल गमछा.

"सहल आहे का, बाई?"

"नाही साहेब. पोहायचा तास आहे. नाग नदीवर निघालो." तिने फाईल उघडून पुढे धरली. "डिसेंबर, दुसरा आठवडा. खाली मुख्याध्यापकांची सही. मागच्या वर्षीच्या फायलीत आपलीही आहे. आपण याल का सोबत? पोरींना खोल पाण्याची भीती वाटते."

साहेबांनी पान वाचलं. मग मागच्या वर्षीचं मागवलं, त्याच्या मागच्याही वर्षीचं मागवलं आणि आपली सही प्रत्येक ठिकाणी पाहिली. मुली हसू दाबून उभ्या होत्या. गोपाळरावांच्या कपाळावर त्या थंडीतही घाम आला होता.

"हे वर गेलं तर लोक आपल्याला हसतील," साहेब हळूच म्हणाले. "दुसरं नियोजन नाही का काही? आजच लावून टाकू."

"आहे," कौशल्या म्हणाली आणि पिशवीतून चार ताव काढले.

रुपराव साहेबांनी ते वाचले की नुसते उलटले, कोण जाणे. जेवायची वेळ झाली होती. त्यांनी सही केली आणि पेन गोपाळरावांच्या हातात दिलं. गोपाळरावांनी सही केली. जीप गेल्यावर ते म्हणाले, "मार्चनंतर शाळेला तुमची गरज नाही."

"माझी नसू द्या, सर. फाईल तेवढी कपाटात ठेवा," ती म्हणाली. मग दाराशी उभ्या दादाजींकडे वळली. "आणि दादाजी, पुढच्या वर्षी जसंच्या तसं."

जानेवारीच्या पहिल्या मंगळवारी एक्केचाळीस मुली मैदानात गोल बसल्या. जेवणाला पंगत सगळ्यांनी पाहिली होती, गोल कोणी पाहिला नव्हता. कुसुमच्या शेजारी चिठ्ठीने एका कापडवाल्याची मुलगी आली. ती सवयीने सरकली, तर पलीकडचीच्या मांडीवर गेली, आणि पलीकडची ओरडली, "अवं, इकडं कुठं येतेस?" गोलात सरकायला जागाच नसते. तिसऱ्या आठवड्यात कुसुमने डबा मांडीवर घेतला पण उघडला नाही. चौथ्यातही नाही. कौशल्या समोर बसून आपली भाकर खात राहिली, तिला काही म्हणाली नाही. पाचव्या मंगळवारी झाकणाचा आवाज आला. कापडवाल्याच्या मुलीने डब्यात वाकून पाहिलं आणि विचारलं, "वांग्याची आहे का? आमच्या घरी इतकी तिखट नाही करू देत." कौशल्याने मान खाली घातली आणि रामाजींच्या गमछ्याने डोळे पुसले.

मार्चात लहानूच्या काट्यावर कुसुम सत्तावीस किलो भरली. त्याच आठवड्यात कौशल्याला घरी बसवलं गेलं. दोन वर्षं तिने बस्तीतल्या पोरांच्या शिकवण्या घेतल्या, मग कोराडीच्या वीज केंद्राच्या वसाहतीतल्या शाळेत लागली. तिथे राख उडे, मैदान पांढरं होई, आणि तिथेही मंगळवारी मुलं गोल बसत. महालातल्या त्या शाळेकडे तिने पुन्हा पाऊल टाकलं नाही.

चौऱ्याऐंशी साली शिक्षकांच्या शिबिरात तिच्या शेजारी एक तरुण शिक्षिका बसली. नाव कांता, आणि शाळा तीच. कौशल्याबाईंनी आपण कोण ते सांगितलं नाही. सहज विचारलं, "तुमच्याकडे आठवीचं नियोजन कसं असते वं?"

कांता हसली. "ताई, आमच्याकडे मोठी गंमत आहे. मंगळवारी गोल बसून डबा खावा लागते. आणि तिसऱ्या आठवड्यासमोर परिणाम काय लिहिला आहे, तं 'कुसुम डबा उघडेल'. अन् वर्गात कुसुम नावाची पोरगीच नाही! आमच्या दादाजींना विचारलं, तं म्हणे, आहे ते उतरवतो, सह्या आहेत त्यावर."

"मग तुम्ही काय करता?"

"मी जुलैत पाहून ठेवते, कोणती पोरगी डबा न उघडता घरी नेते. तिलेच यंदाची कुसुम समजते अन् तिच्यामागं लागते."

"सापडते?"

"दरवर्षी सापडते, ताई." कांताचं हसू गेलं. "पण मायाकडून काहीतरी चुकून राहिलं. लिहिलं आहे तसं तिसऱ्या आठवड्यात होत नाही. पोरगी डबा धरून नुसती बसते."

"तुमचं काही चुकत नाही," कौशल्याबाई म्हणाल्या. "तिसरा आठवडा लिहिणारीचीच चूक आहे. पाचव्यात उघडते. तोवर समोर बसून आपली भाकर खात राहाची."