समुद्राच्या तळाची बाटलीभर माती

धाकटी बहीण जहाजावरून घरी आली की माझं डोकं फिरतं. खोटं कशाला बोलू, मी तिच्यावर जळते. ती समुद्राच्या तळाचा गाळ वर काढून तपासते, आन् मी मुकुंदवाडीतल्या शाळेत तोच गाळ फळ्यावर खडूनं काढते. त्या जहाजावर मला जायचं होतं. अजूनही जायचंय.

या दिवाळीला तिनं काचेच्या बाटलीत तळाची माती आणली. आबांनी टीव्ही बंद केला. माझ्यासाठी त्यांनी कधी आवाजसुद्धा कमी केला नाय. धाकटी सांगत होती, किनाऱ्याजवळ नद्या गाळ टाकतात, तिथं तो भराभर साचतो. लांब, खोल पाण्यात मात्र वाऱ्यानं उडालेली धूळ आन् डोळ्यांना न दिसणाऱ्या मेलेल्या जीवांची कवचं, चाळणीतून पीठ गळावं तशी गळत राहतात. बोटाच्या पेराएवढा थर साचायला हजारेक वर्षं जातात. खालचा थर जुना, वरचा नवा, म्हणून लांब नळी खुपसून तो उभाच्या उभा काढायचा. यातलं निम्मं तिला शाळेत असताना मीच शिकवलं होतं, बरणीत माती-पाणी ढवळून. आयत्या बिळावर नागोबा!

तेवढ्यात मायनं बाटलीचं झाकण उघडलं आन् आत हळदकुंकू टाकलं. विहीर असो की नदी, माय हळदकुंकू वाहिल्याशिवाय पुढं जात नाय. समुद्राला कशी सोडंल? नमुना वाया गेला. मला बरं वाटलं, लई बरं वाटलं. आता ही चिडंल, असं वाटलं. पण ती हसून म्हणाली, "असू दे माय, वरचा थर आपल्या घरचा." सगळे हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. साधं चिडताही येत नाय हिला?

आबांनी बाटली कलती करून थोडी काळी माती बोटांत चोळली. "ही तर आपल्या रानातल्यासारखी हाय."

"आपल्याकडचीच असंल, आबा. गोदावरीच्या मुखापुढं काढलीय. आपल्या सिल्लोडकडची माती पूर्णेत जाते, पूर्णा गोदावरीला मिळते, आन् गोदावरी समुद्रात नेऊन टाकते."

आबा माझ्याकडं वळले. "तुला ठावं व्हतं का हे?"

"हिला मीच शिकवलंय," मी म्हणाले. आवाज चढलाच.

"व्हय आबा, ताईनंच," धाकटी म्हणाली. तिचा मोठेपणाही मला झोंबला.

आबांनी बाटली खाली ठेवली. "तुला एवढं येत व्हतं, मग तूच का नाय गेलीस?"

समुद्राचंच शिकायला मला गोव्याला प्रवेश मिळाला होता. 'थोरलीनं घर सांभाळायचं' असं म्हणून मला थांबवणारे आबाच होते. धाकटीला ते आठवत होतं. तिनं मान खाली घातली. मी म्हणाले, "तुमीच सांगा, आबा."

आबा खरंच विचारात पडले. त्यांना काही आठवेना.