उमाशंकर सरांनी खोडलेली नोंद

मुरुडच्या आमच्या शाळेत उमाशंकर सर सातवीला गणित शिकवतात. मूल्यशिक्षणाचा तास आला तरी गणितच घ्यायचे. "भावना-बिवना घरी शिकवतेत," म्हणायचे. आम्ही बाकीचे शिक्षक तरी कुठे वेगळे होतो? प्रगतिपत्रकावर प्रत्येक मुलाच्या स्वभावाची नोंद लिहावी लागते. त्यासाठी तयार वाक्यांची यादी मोबाइलवर फिरत असते. सरांना ती मीच पाठवली होती.

पालकसभेला गुणाबाई आल्या. त्यांची लेक सुकन्या जूनमध्येच नांदेडहून आमच्या शाळेत सातवीला आली होती. पत्रक वाचून बाईंचे डोळे भरले.

"मैत्रिणींमध्ये मिळूनमिसळून राहते! सर, घरी तर लेकरू तोंड उघडत न्हाई. लई घोर लागला होता बघा."

सुकन्या मान खाली घालून उभी होती. मायलेकी फाटकापर्यंत गेल्या. मी म्हणालो, "जाऊ द्या सर, माउली खूश हाय." सर माझ्यावर डाफरले आणि त्यांच्यामागे धावले. मीही मागोमाग गेलो.

"ताई, थांबा. ते वाक्य मी मोबाइलवरचं बघून उतरवलंय. मला हिचं काहीच ठाव न्हाई."

बाईंचा चेहरा उतरला. सर सुकन्याकडे वळले. "तूच सांग, काय लिहू?"

"डबा एकटीच खाती, असं लिहा."

सरांनी तिथेच नोंद खोडून तसं लिहिलं. मला सरांचा रागही आला आणि स्वतःची लाजही वाटली.

सोमवारी मूल्यशिक्षणाच्या तासाला सरांनी गणिताचं पुस्तक मिटून ठेवलं. लगेच प्रश्न आला, "सर, ह्याला मार्क हायेत का?" वर्ग खिदळला. सरांनी कुणाचं नाव न घेता आपली उतरवाउतरवी सांगून टाकली. "लई लाज वाटली रे," म्हणाले. सरांनाही लाज वाटते हे मुलांना नवीनच होतं. मग एकेक जण बोलू लागला.

बुद्धप्रिया म्हणाली, "मला सुकन्याशी बोलायचं असतंय, पण ती हसंल म्हणून भ्या वाटतंय."

सुकन्याने पहिल्यांदा मान वर केली.

दुसऱ्या सत्राच्या नोंदी लिहायची वेळ आली. मी यादी कुणालाच पाठवली नाही. सरांनी सुकन्याला पुन्हा तेच विचारलं.

"सर, डबा पुरतच न्हाई," ती कुरकुरली. "ही बुद्धप्रिया अर्धा खाती."

सरांनी हेच शब्द लिहिले आणि पत्रक सहीसाठी घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी सुकन्याच्या डब्यात दोन भाकरी जास्त होत्या.