अर्धी पट्टी आजींची

जमिनीवर पाय टेकणं हा कमीपणा समजणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमच्याच माडीवर भाड्यानं राहायचा. उसावर विमानातून औषध फवारायला ते कोल्हापुरात आले होते. अख्खी गल्ली त्यांना पायलटसाहेब म्हणे. रस्त्यानं चालताना नजर कायम ढगांत, त्यामुळे त्यांनी धडक दिली नाही अशी सायकल गल्लीत उरली नव्हती. एसटीला मात्र घाबरायचे. "छे हो, फार धोक्याचं वाहन!" त्यांच्या अंगाच्या औषधी वासानं घरातले डास पळायचे आणि पाठोपाठ पाहुणेही. पण वारा ओळखावा तो त्यांनीच. माझी बायको गच्चीवर साडी वाळत घालत असली की अंगणातून ओरडायचे, "वहिनी, वारा फिरतोय, चिमटा लावा!" ती चिमटा शोधेपर्यंत साडी शेजारच्या कौलांवर गेलेली असायची.

त्यांच्या विमानासाठी गडमुडशिंगीपलीकडच्या माळावर मुरमाची पट्टी केली होती, रोलर फिरवून चांगली गुळगुळीत. इतकं झकास खळं पंचक्रोशीत नव्हतं. साहजिकच एक आजी तिथं भुईमुगाच्या शेंगा वाळत घालून बसल्या. दुसऱ्या कुणी त्यांना हाकललं असतं. आमच्या साहेबांनी मूठभर शेंगा खाल्ल्या आणि निवाडा दिला, "बसा आजी, अगदी निर्धास्त. अर्धी पट्टी तुमची, अर्धी माझी."

आठवडाभर हा संसार सुखानं चालला. मग एके दिवशी ते उतरत असताना वारा फिरला आणि पाठीमागून रेटू लागला. चाकं टेकली, पण विमान थांबेना, अर्धी पट्टी पुरेना. समोर शेंगा आणि शेंगांत आजी, जागच्या न हललेल्या. साहेबांनी विमान वळवलं. चाक पाटात गेलं आणि विमान उसात उलटं झालं.

"पळाला का न्हाईसा?" लोकांनी आजींना विचारलं.

"का पळू? त्येनीच सांगितलंय की, बसा म्हणून!" आजी रडत म्हणाल्या.

साहेब वाचले. कंबर कायमची गेली, आणि उडणंही. माडी चढवेना म्हणून आम्ही त्यांना खालची खोली दिली. आजी दर सुगीला शेंगा घेऊन येत, त्यांच्या पायाशी बसून सोलून देत. ते हसून खात. आम्हाला ते हसणं बघवत नसे.

बायको मुद्दाम अंगणात साडी वाळत घालायची, चिमट्याशिवाय. म्हणायची, "भावजी, वारा कुठला हो आज?"

साडी तिच्या हातातून निसटायला बघत असायची.

"वारा?" मान वर न करता ते म्हणायचे. "आज कुठं वारा आहे, वहिनी?"