पायाळूचा पाय

मी पायाळू आहे. जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आले, एवढंच माझं कर्तृत्व. पण पायाळू माणसानं पाठीला पाय लावला की उसण जाते, असं आमच्या भवानी पेठेत मानतात. त्यामुळे इतकी वर्षं शाळेत शिकवूनही गल्लीत माझ्या डोक्यापेक्षा पायालाच मान जास्त. उसण बहुधा आपली आपणच उतरते, श्रेय मला मिळतं. बऱ्याच उपचारांची गुरुकिल्ली हीच असावी, असा माझा जुना संशय आहे.

परवा समोरची अक्का आली. दिवसभर मांडी घालून विड्या वळणारी. गल्ली ओलांडताना तिची एक चप्पल पायातून निसटून मागेच राहिली. तिला पत्ता नव्हता. नवऱ्यानं ती उचलून आणली.

"मास्तर, कंबर धरलीय. पाय लावा."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"दाखवलं की! शुक्रवार पेठेत."

हा डॉक्टर म्हणजे मणके बसवणारा. पांढरा कोट, चौकटीतली प्रमाणपत्रं, कोपऱ्यात प्लास्टिकचा सांगाडा. सांगाडा हा त्याचा सर्वांत समाधानी रुग्ण. त्यानं अक्काची कंबर पिळून कडकन आवाज काढला होता.

"लई भारी आवाज आला," नवरा म्हणाला. "बाहेरच्या बाकावर ऐकू आला."

"आणि दुखणं?"

"ते खाली गेलं, पावलापर्यंत," अक्का म्हणाली. "म्हंजे उतरायलंय की!"

मला ते उतरणं आवडलं नाही. मोठ्या दवाखान्यात जा, म्हणालो.

"सगळ्या गल्लीला पाय लावता, मीच तेवढी नकोशी? लई भाव खाताय मास्तर!"

शेवटी ती सतरंजीवर पालथी झोपली. दुखणं पावलापर्यंत गेलंय तर पावलापासूनच सुरू करू, म्हणालो. पायाचा अंगठा तिच्या तळव्यावर टेकवला. मग जरा दाबला.

"लावा की, मास्तर. सैपाक पडलाय."

नवरा माझ्या पायाकडे बघत होता. मी आणखी जोर दिला.

"किती वाट बघायची ओ?"

नवरा रिक्षा आणायला गेला. मी पाय काढून घेतला आणि तो इतका वेळ तिच्या तळव्यावरच होता, हे तिला सांगितलं. तिनं मान वळवून माझ्याकडे असं बघितलं, जणू लबाडी मीच करतोय. मग उठून बसली आणि स्वतःचा तळवा चिमटून बघितला. पुन्हा चिमटला, नखानं.

रिक्षात बसल्यावरही ती तेच करत होती. "मोठ्या दवाखान्यात," मी रिक्षावाल्याला सांगितलं.