बनाबाईची दोनशे चौदा गाणी

बनाबाई लोहार आमच्याकडं कुणाला फारशी आवडायची नाही, आणि तिलाही ते ठाऊक होतं. सांगली-कुपवाड रस्त्यावर आमचं पुनर्वसन केंद्र आहे. पक्षाघात झालेले, डोक्याला मार लागलेले, विस्मरणामुळं घरच्यांनाही न ओळखणारे असे तीसेक रुग्ण तिथं असतात. मी त्यांच्याकडून व्यायाम करून घेतो. बनाबाई मावशी होती, म्हणजे आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलून देणं ही कामं तिच्याकडं. रोज सकाळी ती तासगावहून पहिल्या एसटीनं यायची आणि आल्याआल्या कुणाशी तरी भांडायची. भेटायला उशिरा आलेल्या मुलांना ती दारातच विचारायची, आईबाप इथं टाकून झोप बरी लागती का म्हणून. डॉक्टरांनाही सोडायची नाही.

पण तिला गाणी यायची. आंघोळ घालताना ती गायची, भरवताना गायची. ज्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता असे लोक तिच्यामागून ओळ धरायचे. बोलता न येणारं माणूस गाऊ शकतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. खरं होताना पाहिलं ते तिच्याकडं. तिच्या दोन जाड वह्या होत्या. तिशी उलटल्यावर प्रौढ वर्गात जाऊन ती लिहायला शिकली, आणि शिकल्यावर पहिलं काम केलं ते आपली आई, मावशा, शेतावर सोबतीला असणाऱ्या बायका यांची गाणी उतरवून घेण्याचं. शिरोरेघ न देता, जसं बोलतो तसं लिहिलेलं. दोनशे चौदा गाणी. वह्यांना कुणी हात लावलेला तिला खपायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी केंद्रानं संगीतोपचारासाठी राजनंदिनी मॅडमना नेमलं. त्या साताऱ्याच्या, शिक्षण पुण्यात झालेलं, वय अठ्ठावीस. सोबत एक टॅब घेऊन आल्या. त्यात गाण्यांचे कागद ठेवायचं ॲप होतं. प्रत्येक रुग्णाची वेगळी यादी, अक्षर हवं तेवढं मोठं, बोटानं सरकवलं की सुराची पट्टी वर किंवा खाली, आणि गाणं पुढं जाईल तशा ओळी आपोआप वर सरकायच्या. प्रत्येक गाण्याखाली त्या नोंद करायच्या, कोण कुठल्या ओळीवर हसलं, कोण कुठं अडलं. एखादं गाणं एखाद्याला त्रासाचं असेल तर तिथं लाल खूण. आठ जणांना एकत्र बसवलं की त्यांतल्या कुणालाही नको असलेलं गाणं यादीत दिसायचंच नाही. चांगली सोय होती, हे मला कबूल करायला हवं. बनाबाईला जे आठवेल ते ती गायची, आणि एकदोनदा तिच्या गाण्यानं माणसं दिवसभर रडत राहिलेली मी पाहिली होती.

व्यवस्थापक यशराज साहेबांनी तिला सांगितलं की वह्या आठवडाभर मॅडमना द्यायच्या. ती नाही म्हणाली. मग त्यांनी ते लेखी दिलं. दोन दुपारी बसून राजनंदिनीनं सगळ्या पानांचे फोटो काढले आणि वह्या परत केल्या. कव्हर पुसून, नीट बांधून. बनाबाईनं त्या घेतल्या आणि समोरच पानं मोजली.

तीन महिन्यांत गाणी टाइप होऊन टॅबवर दिसायला लागली. एका दुपारी टॅब टेबलावर उघडा होता, तेव्हा बनाबाईनं वाकून वाचलं. ‘हाय’चं ‘आहे’ झालं होतं, ‘न्हाई’चं ‘नाही’. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, संकलन आणि संपादन, राजनंदिनी.

तिनं जेवणाच्या खोलीत सगळ्यांसमोर विचारलं, “माजी गानी हायती का तुमची?”

राजनंदिनीही काही मऊ नव्हती. ती म्हणाली की ही गाणी लोकांची आहेत, कुणा एकीची नाहीत, आणि अशुद्ध लिहिलेलं रुग्णांपुढं ठेवता येत नाही. अशुद्ध हा शब्द बनाबाईला लागला. त्या दिवसापासून ती मॅडमशी बोलायची थांबली. काही सांगायचं असेल तर भिंतीकडं बघून सांगायची. संगीताच्या तासाला रुग्णांना पाच मिनिटं उशिरा आणायची. राजनंदिनीनं त्या उशिराची वहीच घातली आणि दर शनिवारी साहेबांच्या टेबलावर ठेवायला लागली.

दोघींच्या मध्ये सापडल्या त्या अख्तरबी. सांगलीच्या हळदीच्या पेठेत त्यांनी चाळीस वर्षं हळकुंडं निवडली होती. पक्षाघातानं उजवी बाजू आणि बोलणं गेलं होतं. बनाबाईबरोबर त्या एक गाणं पूर्ण म्हणायच्या, पेठेतल्या बायका निवडता निवडता म्हणत ते:

हळदीच्या पोत्यावं बसली साळुंकी,
माज्या भैनीची वाट कवाची बगती.

टॅबवर तेच गाणं आलं तेव्हा त्यात ‘पोत्यावर’ होतं, ‘बहिणीची’ होतं, ‘केव्हाची बघते’ होतं. राजनंदिनीचा गळा बनाबाईपेक्षा कितीतरी चांगला. अख्तरबी पहिली ओळ कशीबशी म्हणायच्या आणि दुसरीत अडकायच्या. तोंड उघडायचं, डावा हात मांडीवर आपटायचा, डोळ्यात पाणी यायचं. राजनंदिनीनं लय कमी केली, अक्षर मोठं केलं, पट्टी उतरवली. आठ दिवस हेच चाललं. दारात उभी राहून बनाबाई हसली, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. राजनंदिनीनं तिला बाहेर जायला सांगितलं आणि आतून कडी लावली.

मी राजनंदिनीला म्हणालो की मूळ शब्द घालून बघा. ती म्हणाली की तिच्या कामात मी पडू नये, ती माझ्या कामात पडत नाही. मी पडलो नाही.

त्यानंतर चारपाच दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत टॅबमधली गाणी नाहीशी झाली. याद्या, नोंदी, लाल खुणा, सगळं. ऑफिसच्या संगणकावर तेच ॲप होतं, तिथूनही गेलं, कारण दोन्ही एकमेकांना जोडलेले. पुसलेलं परत आणायची एक जागा ॲपमध्ये होती, तीही कुणीतरी रिकामी केली होती. राजनंदिनीकडं फक्त पहिल्या आठवड्यात काढलेले वह्यांच्या पानांचे फोटो वेगळे ठेवलेले राहिले. यशराज साहेबांनी ॲप देणाऱ्या पुण्याच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, यंत्र कधीकधी असं करतं. सगळ्यांनी ते मानलं. मावशीला टॅब चालवता येत असेल, असं कुणाच्याच मनात आलं नाही.

राजनंदिनी हट्टी होती. फोटोवरून वाचत ती पुन्हा याद्या करायला लागली. गुरुवारी तिनं आठ पुरुषांचा गट बसवला. त्यात कोरेगावकडचे आकाराम होते, सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांचा एकुलता मुलगाही सैन्यात होता. डोंगरातल्या रस्त्यावर गाडी कोसळून तो गेला. आकारामांच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता, आणि मुलगा गेल्याचं त्यांना कधी आठवायचं, कधी नाही. रजेवर येणाऱ्या जवानाचं एक गाणं वह्यांत होतं. आई अंगण सारवते, वाटेकडं बघते, असं. त्या गाण्यावर आकारामांच्या नावाची लाल खूण होती. राजनंदिनीनं ती गोष्ट डोक्यात ठेवली नव्हती, टॅबमध्ये ठेवली होती. खूण गेली, आणि गाणं यादीत आलं.

दुसऱ्या कडव्याला आकाराम खुर्चीतून उठले. त्यांना उठता येत नव्हतं, तरी उठले, आणि मुलाच्या नावानं हाक मारून पडले. कपाळ फुटलं. मी धावलो तोवर ते फरशीवर होते आणि विचारत होते की गाडी आली का. त्यानंतर त्यांनी अन्नाला तोंड लावलं नाही. घास पुढं केला की म्हणायचे, पोरगा आल्यावर जेवतो.

बनाबाईची त्या दिवशी सुट्टी होती. दुसऱ्या दिवशी आल्यावर तिनं आकारामांच्या कपाळाची पट्टी पाहिली, काय झालं ते विचारलं, आणि सरळ यशराज साहेबांच्या खोलीत गेली. राजनंदिनी तिथंच होती, मीही होतो. आकारामांच्या घरच्यांना काय सांगायचं हे ठरवत होतो.

“मिशीन बिघडलं न्हवतं,” बनाबाई म्हणाली. “म्या पुसलं. रोज लांबनं बगून शिकलो हुतो कुटं दाबायचं.”

मग राजनंदिनी उठली. मला वाटलं ती मारणार. तिनं फक्त एवढं विचारलं, “तुम्हाला माझ्यावर राग काढायचा होता ना? मग त्यांच्यावर का काढला?”

बनाबाई तशीच वळली आणि बाहेर गेली. ती आकारामांजवळ जाऊन बसली. संध्याकाळी चारपर्यंत ती तिथून हलली नाही. चहात बुडवलेलं बिस्कीट त्यांनी तिच्या हातून खाल्लं तेव्हा ती उठली.

साहेबांनी तिला लगेच काढलं नाही. कारण सोपं होतं. बनाबाईचं अक्षर कुणालाच धड लागत नव्हतं. पहिल्यांदा टाइप करतानाही राजनंदिनीनं निम्मं अंदाजानं केलं होतं. तेव्हा ठरलं की बनाबाईनं रोज दुपारी दोन तास बसून गाणी वाचून दाखवायची आणि राजनंदिनीनं टाइप करायची. बनाबाईनं दोन अटी घातल्या. शब्द जसा हाय तसा, आणि प्रत्येक गाण्याखाली ज्या बाईकडून ते आलं तिचं नाव.

राजनंदिनी म्हणाली, “लिहिते. पण हे तुमच्यासाठी नाही.”

सात आठवडे ते चाललं. मी शेजारच्या खोलीत असायचो, मला ऐकू यायचं. बनाबाई ओळ फेकल्यासारखी सांगायची. राजनंदिनी पुन्हा विचारायची, ‘वं’ का ‘वर’? बनाबाई म्हणायची, कान हायती न्हवं? एकदा राजनंदिनीनं एका कडव्यात ओळ चुकल्याचं दाखवलं. ते बरोबरही होतं. बनाबाईनं दोन दिवस तोंड उघडलं नाही, तिसऱ्या दिवशी दुरुस्त ओळ सांगितली आणि त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. चहा आला की दोघी वेगवेगळ्या खिडकीशी उभ्या राहून प्यायच्या. सात आठवड्यांत त्यांच्यात गाण्यापलीकडं एक वाक्य झालेलं मी ऐकलं नाही. मात्र कोणतं गाणं कुणाला सोसत नाही हे बनाबाई सांगायची, आणि राजनंदिनी प्रत्येक वेळी ते लिहून घेऊन मोठ्यानं वाचून दाखवायची.

मूळ शब्दांचं गाणं लागल्यावर अख्तरबींनी ते पहिल्याच दिवशी शेवटपर्यंत म्हटलं, तेही टॅबवरून, राजनंदिनीबरोबर. दहाएक दिवसांनी मी त्यांचा हात ताणत होतो तेव्हा त्यांनी न गाता विचारलं, “कवा जायाचं घरी?” मी त्यांच्या लेकीला, तहरीमला, तिथूनच फोन लावला. महिनाभरानं त्या घरी गेल्या. जाताना तहरीमनं त्यांची गाण्यांची यादी आपल्या मोबाइलवर घेतली.

दोनशे चौदावं गाणं एका मंगळवारी उतरवून झालं. बुधवारी यशराज साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. रुग्णांच्या नोंदी नष्ट केल्याबद्दल बनाबाईला कामावरून कमी करत असल्याचं पत्र त्यांनी वाचून दाखवलं. पत्रावरची तारीख सात आठवड्यांपूर्वीची होती. म्हणजे तिनं कबुली दिली त्याच दिवशी ते टाइप झालं होतं आणि ड्रॉवरमध्ये ठेवून तिच्याकडून काम करून घेतलं होतं. कुणाला काही बोलायचं आहे का, असं साहेबांनी विचारलं.

राजनंदिनी म्हणाली, “त्यांनी जे केलं त्याची शिक्षा व्हायलाच हवी. माझं काही म्हणणं नाही.” ते पत्र तिला आधी माहीत होतं की नव्हतं, हे मला आजही माहीत नाही. मी विचारलं नाही. बनाबाईनं माझ्याकडं पाहिलं. पंधरा वर्षं आम्ही एका इमारतीत काम केलं होतं. पत्राची तारीख मीही ऐकली होती. मी खाली बघत राहिलो. घरी दोन लहान मुलं होती, साहेबांशी वाकडं नको होतं, आणि तिनं केलेलं चूकच होतं, असं मी स्वतःला सांगितलं.

तिनं पत्र घेतलं नाही. आकारामांच्या खोलीत गेली, त्यांची चादर नीट केली, आणि फाटकाबाहेर पडली.

आता ती तासगावात बेदाण्याच्या शेडवर निवडायच्या कामाला आहे. शुक्रवारी सुट्टी असते, तेव्हा सांगलीला अख्तरबींकडं येते. मी त्यांच्या घरी व्यायाम करून घ्यायला गुरुवारी जातो. मागच्या महिन्यात एका गुरुवारी मला जमलं नाही म्हणून शुक्रवारी गेलो. बनाबाई पलंगाच्या कडेला बसली होती, अख्तरबींचे केस विंचरत. तहरीमनं मला खुर्ची दिली. मी म्हणालो, “बनाबाई, तुमच्याशी एकदा बोलायचं होतं.”

तिनं वेणी पुरी केली, रिबन बांधली, फणीतले केस काढून गुंडाळले. मग उठली.

“तुमी तवा गप बसला,” ती म्हणाली. “आता बी गपच बसा.”

ती चपला घालून जिना उतरली. अख्तरबींनी माझ्याकडं पाहिलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. मी त्यांचा उजवा हात ताणायला घेतला आणि आकडे मोजायला सुरुवात केली.