कुंकू लावलेला नट

सन २०२३. माझं वय तेव्हा एकाहत्तर होतं. शाळा तिसरीपर्यंत, तीही बाकावर बसलो म्हणून. शिकलो असं म्हणता येणार नाही. हे मी बोललोय, सूनबाईनं लिहून घेतलंय. सदाशिव पेठेतल्या एका बोळात माझं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांच्या गाड्या तयार करून देणं हे माझं खास काम. मागे सामानाच्या पेट्या बसवायच्या, पुढचा गार्ड रुंद करायचा, सीटचा फोम बसणाऱ्याच्या कमरेप्रमाणे कापायचा, चालू क्लच केबलच्या शेजारीच एक नवी केबल बांधून ठेवायची, म्हणजे घाटात तुटली तर पाच मिनिटांत बदलता येते. लेह-लडाखला जाणारी पोरं कर्वेनगर, मांजरीहून माझ्याकडे येत. कुणी विचारलं, "काका, गॅरंटी काय?" तर मी म्हणायचो, "गॅरंटी हवी असेल तर फ्रीज घ्या."

त्या वर्षी मात्र माझ्यात काही उरलं नव्हतं. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. ती दत्ताची भक्त. पोथी वाचायची, गुरुवार धरायची. गिरनारच्या पायऱ्या चढून पादुकांवर डोकं ठेवायचं, हा तिचा नवस होता आणि मी दरवर्षी "सीझन संपू दे" म्हणत तो पुढे ढकलला. मग तिची फुप्फुसं गेली. पायऱ्या राहू द्या, घरचा जिना तिला चढवेना. ती गेल्यावर मी देवासमोर दिवा लावला नाही. तसबीर तिथेच होती, सूनबाई लावायची तो दिवा. मी तसबिरीकडे पाठ करून चहा प्यायचो. माझं माणूस नेलंस ना, आता तुझ्याकडे काही मागणार नाही, असा माझा हट्ट होता. देवाला त्याचं काय वाटलं असेल माहीत नाही, मला स्वतःलाच त्याचा फार अभिमान होता.

मुलगा महेश आणि सूनबाई यांनी ठरवलं, आईचा नवस आपण फेडायचा. महेशच्या साडेतीनशे सीसीच्या गाडीवरून दोघांनी पुण्याहून गिरनारला जायचं, दसऱ्याच्या पहाटे, सीमोल्लंघन म्हणून. महेश म्हणाला, "बाबा, गाडी कंपनीच्या वर्कशॉपला दाखवतो. तिथं प्रत्येक नट मापाच्या पान्यानं आवळतात." मी म्हणालो, "पन्नास वर्षं या हातानं नट आवळलेत. आता तुझं माप मला शिकव." तो गप्प बसला. माझ्यापुढे गप्प बसण्यातच त्याची चाळिशी उलटली.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मी तोवर कुणालाच सांगितली नव्हती. लिहिता धड येत नसल्यामुळे कुठलं काम झालं, कुठलं राहिलं, याची यादी मला कधी ठेवता आली नाही. दुसरे मिस्त्री कागदावर टिपतात. मी तरुणपणीच एक तोड काढली. नट शेवटपर्यंत आवळला की करंगळीनं त्यावर तेलात कालवलेल्या कुंकवाचा ठिपका द्यायचा. ठिपका आहे म्हणजे काम झालंय, त्याला पुन्हा हात लावायचा नाही. बायकोनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाली, "अहो, देवाच्या करंड्यातलं कुंकू नटाला?" मी म्हणालो, "मग काय पावडर लावू?" ती हसली, आणि तेव्हापासून माझी कुंकवाची डबी तीच भरून ठेवायची. गिऱ्हाइकं म्हणत, काका किती भाविक, नटाचीसुद्धा पूजा करतात. मी ते खोडून काढलं नाही. अडाणी म्हणण्यापेक्षा भाविक म्हटलेलं बरं वाटायचं. घरच्यांचाही तोच समज होता.

अष्टमीच्या संध्याकाळी मी महेशच्या गाडीचं काम संपवत आणलं होतं. मागच्या चाकाचा मोठा नट तेवढा बोटांनी फिरवून ठेवला होता, कारण पेट्यांत सामान भरल्यावर गाडी बसते आणि मग चेन जुळवावी लागते; तो नट आवळायचा तो त्यानंतर. तेवढ्यात मला चक्कर आली. महेश मला रिक्षात घालून घरी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सकाळी दुकानात जाऊन मी सवयीनं सगळे पाने धुतले, पुसले, पाटावर मांडले, झेंडू वाहिला. आणि एकदा हत्यार पूजेला बसलं की दसरा होईपर्यंत ते उचलायचं नाही, हा आमच्या धंद्याचा नेम. मागचं चाक राहिलंय हे माझ्या डोक्यातून पार पुसलं गेलं होतं. म्हातारपण असं चोरपावलांनी येतं, मला तरी त्याची चाहूल लागली नव्हती.

दुपारी मी पडलो होतो, तेव्हा सूनबाई दुकानात जाऊन गाडीची पूजा करून आली. संध्याकाळी सामान भरताना मी तिथे गेलो. एकदम मनात आलं, अरे, मागचं चाक? वाकून पाहिलं. नटावर लाल ठिपका होता. बरं वाटलं. महेश म्हणाला, "बाबा, एकदा पाना लावून बघता का?"

"पाना पूजेत आहे."

"एक मिनिटाचं काम."

"ठिपका दिसत नाही का तुला? मग माझ्याकडे आणलीस कशाला गाडी?"

पहाटे पाचला ते निघाले. सूनबाईनं वाकून नमस्कार केला. मी म्हणालो, "पोचल्यावर फोन करा, उगाच मध्ये मध्ये नको." आशीर्वाद द्यायचा राहिलाच.

अकरा वाजता चष्मा लावून मोबाईल पाहिला. सूनबाईनं निघण्याआधी पूजेचा फोटो पाठवला होता. हार, हळद, नारळ आणि गाडीभर लाल ठिपके. खाली तिचा आवाज होता. मी बटण दाबलं. "बाबा, तुम्ही लावता तसं एकूण एक नटाला कुंकू लावलं बरं का मी. एकही सोडला नाही."

कुठला ठिपका माझा आणि कुठला तिचा, हे फोटोत कळेना. पण बोटांना आठवलं. चोवीसचा पाना त्या नटावर मी चढवलाच नव्हता. फोन लावला. महेशचा वाजत राहिला. हेल्मेटमध्ये त्याला काय ऐकू येणार? सूनबाईचा लागेना. पुन्हा लावला, पुन्हा पुन्हा लावला. मागचं चाक भरधाव सुटलं तर काय होतं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. अशा गाड्या टेम्पोत घालून माझ्याकडे आणलेल्या मी पाहिल्या आहेत. गाडी येते, माणसाबद्दल विचारायची हिंमत होत नाही.

मी तसबिरीसमोर जाऊन बसलो. मागायला तोंड नव्हतं. दोन वर्षं पाठ फिरवलेला माणूस काय मागणार? आणि खरं सांगतो, मागताही येईना. स्तोत्र येत नाही, आरती अर्धी येते. शेवटी तोंडातून एवढंच निघालं, "मी नट आवळला नाही." मग पुन्हा तेच. मी नट आवळला नाही. किती वेळा म्हणालो कोण जाणे. असं बोलायची जन्मात सवय नव्हती. बायको आजारी असतानाही "माझं चुकलं, तुला आधीच न्यायला हवं होतं" हे शब्द घशापर्यंत येऊन परत गेले होते. तेही त्या दिवशी बाहेर आले. रडलो. मग रडणंही संपलं आणि नुसता बसून राहिलो. माझ्या हातात काही नाही, हे मला एकाहत्तराव्या वर्षी कळलं, आणि ज्या हातांचा मी एवढा ताठा मिरवला ते मांडीवर नुसते पडून होते.

चारला महेशचा फोन आला. म्हणाला, "बाबा, घाबरू नका, आम्ही ठीक आहोत. फोन सामानात होते, तुमचे कॉल आत्ता पाहिले." झालं ते असं. मनोर सोडल्यावर मागून खडखड ऐकू येत होती. त्याला वाटलं पेटीतलं सामान वाजतंय. तलासरीच्या पुढे सूनबाई म्हणाली, चहा घेऊ. ट्रक थांबतात तिथे एक म्हातारी टपरी चालवते. तिनं गाडीवरचे हार, कुंकू पाहिलं आणि विचारलं, "देवाला चाललाव का?" सूनबाईनं सासूबाईंच्या नवसाचं सांगितलं. म्हातारीनं पदराला हात पुसले आणि गाडीला हात लावून नमस्कार करू लागली. पुढच्या चाकाला झाला, टाकीला झाला. मागे येऊन वाकली, मोठ्या नटावरच्या कुंकवाला बोटं टेकवली, ती कपाळाला लावायला म्हणून जरा घासली, आणि तो नट तिच्या बोटांखाली फिरला.

"अगं बाय," ती म्हणाली, "हा तं फिरतोय!"

महेशनं पाहिलं तर शेवटचे दोनच आटे धरून होते. एका ट्रकवाल्यानं पाना दिला. चाक सरळ करून, नट आवळून ते सुरतच्या अलीकडे एका धर्मशाळेत मुक्कामाला थांबले होते.

महेशच म्हणाला, "रस्त्यानं सैल झाला असेल हो. खड्डे तरी किती!" बघा, पोरानं मला वाट करून दिली. आणि मी त्या वाटेनं गेलो. "हो," म्हणालो, "हादऱ्यानं होतं असं." फोन ठेवला. समोर तसबीर होती. पाच तास तिच्यापुढे जे कबूल केलं, ते मुलापुढे पाच सेकंदांत गिळलं होतं. देवाला सांगणं सोपं असतं, तो उलटून विचारत नाही.

ती म्हातारी कोण, याचा मी खूप विचार केला. येताना ते दोघं मुद्दाम तिथे थांबले, गिरनारचा प्रसाद दिला. तिला काही आठवेना. "रोज इतकी माणसं येतात," म्हणाली, आणि चहा किती हवेत ते विचारलं. माझ्या मनाला तेच फार लागलं. जिनं माझं घर वाचवलं तिला ते ठाऊकही नाही, आणि मी आयुष्यभर एकेका आवळलेल्या नटाची फुशारकी लोकांना ऐकवत आलो. ज्या कुंकवानं माझी चूक झाकली त्यालाच तिनं श्रद्धेनं हात लावला. मी यावर वाद घालत नाही. कुणी योगायोग म्हणेल, म्हणू दे. मी आता रोज दिवा लावतो, आणि मागण्याऐवजी जे राहून गेलं ते सांगतो. बायकोची आठवण येते तेव्हा अजून छातीत भरून येतं, त्यावर काही इलाज सापडलेला नाही. पण ज्यानं माझी पोरं परत दिली त्याच्याशी भांडण धरून बसण्याइतका मी आता मोठा राहिलेलो नाही.

पण महेशचा फोन आला त्या दसऱ्याच्या रात्री मला झोप लागली नाही, कारण सूनबाईचे ठिपके सगळ्याच नटांवर होते. मागचा एक आवळला गेला, पण चक्कर आली त्या संध्याकाळी आणखी काय काय राहिलं, ते मला आठवत नव्हतं. आणि पोरं सकाळी सहाला पुढे निघणार होती.

पहाटे पाचला मी फोन लावला. सूनबाईनं उचलला.

"तो नट रस्त्यानं सैल झाला नाही," मी म्हणालो. "मी आवळलाच नव्हता. महेशला सांग. आणि आणखीही असतील."

ती हळूच म्हणाली, "पण बाबा, कुंकू तर मी..."

"तुझा काही दोष नाही. ती पूजा नव्हती गं. मला यादी लिहिता येत नाही, म्हणून मी ठिपके द्यायचो. हे कुणालाच सांगितलं नाही मी. आता ओलं फडकं घे आणि गाडीवरचं सगळं कुंकू पुसून टाक."

"कुंकू पुसू?" ती म्हणाली. "नवसाच्या वाटेवर?"

"पूस. मी सांगतोय. मग उजाडल्यावर तिथला एखादा मिस्त्री बोलवा, कुठलाही चालेल, माझ्यापेक्षा बराच असेल. त्याला प्रत्येक नट पान्यानं बघू दे. कागद-पेन आहे का जवळ?"

मागे महेशचा आवाज आला, "काय म्हणतायत बाबा?" तिनं त्याला काहीतरी सांगितलं. मग कागदाचा आवाज आला.

"सांगा बाबा," ती म्हणाली.

मी डोळे मिटले आणि गाडी समोर आणली.

"लिही," म्हणालो. "पुढचं चाक, डावी बाजू."