मॅगझिन काढलेलं पिस्तूल

फेब्रुवारी २००९, गुरुवार. सकाळचं काम होतं नवी पिस्तुलं पेट्यांतून काढून त्यांचं फॅक्टरीचं ग्रीस पुसण्याचं. सहा पिस्तुलं होती. हाताखाली कोणी नव्हतं, कारण शस्त्रागारातल्या माझ्या दोन्ही मदतनिसांना जानेवारीत घरी पाठवलं होतं. मंदीमुळे दुबईत बांधकामांच्या क्रेन थांबल्या होत्या आणि आमच्या क्लबातली निम्मी माणसं गेली होती.

मी दहा वर्षं फौजेत होते, ऑर्डनन्समध्ये, म्हणजे शस्त्रं आणि दारूगोळा सांभाळणाऱ्या शाखेत. मेजर म्हणून बाहेर पडले. नवऱ्याची नोकरी दुबईत होती, म्हणून इथे आले. शारजाच्या पलीकडे एका रिसॉर्टला जोडलेला शूटिंग क्लब होता. त्यांना शस्त्रागार सांभाळणारं माणूस हवं होतं. आम्ही अल कुसैसला राहायचो. सकाळी सगळं शारजा दुबईकडे निघायचं आणि मी उलट दिशेने, त्यामुळे रस्ता मोकळा मिळायचा. या नोकरीतली तेवढीच चैन.

पिस्तुलांच्या कंपन्या दर काही वर्षांनी नवं मॉडेल काढतात. सांगाडा तोच, आत बदल. आमच्या जुन्या पिस्तुलांचा ट्रिगर जड आणि खरखरीत होता. गिऱ्हाइकांची तक्रार असायची की नेम धरला तरी ओढताना हात हलतो. नव्या मॉडेलचा ट्रिगर हलका होता, काचेवरून बोट फिरवावं इतका साफ. डीलरच्या माणसाने बुधवारी ते कसं जमवलं ते सांगितलं. जुन्या मॉडेलमध्ये मॅगझिन, म्हणजे मुठीतली गोळ्यांची डबी, काढलं की ट्रिगरची जोडणी तुटायची. नळीच्या मागच्या चेंबरमध्ये एक गोळी राहिली असली तरी पिस्तूल उडायचं नाही. ट्रिगर जड व्हायचा तो त्याच पुर्ज्यामुळे. नव्यात तो पुर्जाच काढून टाकला होता.

म्हणजे आता मॅगझिन हातात असलं तरी पिस्तूल उडणार.

बुधवारच्या त्या तासाला मी आणि रेंजवर शिकवणारा माजी नायक थापा होतो. हवालदार विष्णू गावडे रेंजवर एकटाच ड्युटीला होता, त्यामुळे त्याला सोडता आलं नाही; तिसरा शिकवणारा अस्लम रजेवर होता. मी ऑपरेशन्स मॅनेजर डिमेलोंना सांगितलं, "शनिवारी गावडेला आणि अस्लमला शिकवते. तोवर नवी पिस्तुलं शस्त्रागारातून हलणार नाहीत."

डिमेलो वसईचे. आयुष्य हॉटेलांत गेलेलं, बंदूक कधी हातात धरलेली नाही. "मेजर मॅडम, तुम्ही म्हणाल तसं," ते म्हणाले. "पण शुक्रवारच्या सुट्टीची बुकिंग्ज बघा. तेवढ्यावरच तर चाललंय."

गावडे गडहिंग्लजकडचा. पलटणीत एकवीस वर्षं काढलेला. मिशा पिकल्या होत्या, पाठ सरळ. रेंजवर पहिल्यांदा येणारी माणसं घाबरलेली असायची, विशेषतः बायका. त्यांच्यासाठी त्याचा एक ठरलेला खेळ होता. पिस्तूल घ्यायचा, मॅगझिन काढायचा, नळी जमिनीकडे करायचा आणि ट्रिगर दाबायचा. काहीच व्हायचं नाही. "देखो मॅडम, साप के दाँत निकाल दिये. अब नहीं काटता." बाई हसायची, खांदे सैल व्हायचे, मग तो शिकवायला घ्यायचा.

मी त्याला एकदा टोकलं होतं. "गावडे, चेंबर आधी बघायचं."

"बघतो की, मॅडम."

"नेहमी?"

"फौजेतल्या पिस्तुलाचं पण असंच होतं ना? मॅगझिन भाईर, ट्रिगर मेला. तुम्ही तर ऑर्डनन्सच्या, तुमाला काय सांगायचं." आणि वर सॅल्यूट ठोकला. शिक्षा म्हणून त्याच्या ड्युटीवरची उडालेली रिकामी काडतुसं मी महिनाभर त्याच्याकडूनच गोळा करून घेतली. पण जुन्या पिस्तुलाने त्याची ती सवय इतकी वर्षं पोटात घातली होती, आणि पोटात घातलेली सवय शिक्षेने जात नाही.

शुक्रवारी दुपारनंतर गर्दी झाली. मी लांबच्या टोकाला रायफलच्या बॅचवर होते. जुन्यांपैकी दोन पिस्तुलं अडकली. लोक थांबले होते, त्यात रिसॉर्टच्या मालकांचे पाहुणे. डिमेलोंकडे शस्त्रागाराची दुसरी किल्ली होती. त्यांनी दोन नवी पिस्तुलं काढून गावडेच्या हातात दिली. ती दिसायला जुन्यांसारखीच होती.

तीन नंबरच्या लेनवर एक तरुण बाई होती. दोन गोळ्या मारल्यावर ती घाबरली. तिने पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि मागे सरकली. तिसरी गोळी चेंबरमध्ये होती. गावडेने पिस्तूल उचललं, मॅगझिन काढलं, नळी खाली केली.

मला आवाज ऐकू आला. रेंजवर आवाज सतत असतातच, पण हा लेनच्या मागून आला. लगेच रेडिओवर थापा.

"रेंज टू ऑल. सीझ फायर. सीझ फायर. कॅज्युअल्टी वन. लेन थ्री."

मी पोचले तेव्हा गावडे बसला होता, पाठ टेबलाच्या पायाला टेकवून. मांडीतून रक्त उसळत होतं. मी माझा पट्टा जांघेखाली आवळला आणि थापाने गुडघा टेकून वरून दाबलं. रक्त पूर्ण थांबलं नाही. गावडेच्या डाव्या मुठीत मॅगझिन होतं. ते तो सोडत नव्हता.

"मॅडम," तो म्हणाला, "मॅगझिन काढलं होतं."

"माहीत आहे. बोलू नकोस."

"काढलं होतं मी."

"बघितलंय मी. तुझ्या हातातच आहे."

ॲम्ब्युलन्स आली. हॉस्पिटलच्या दारापर्यंत तो बोलत होता, पुढे नाही.

पोलिसांनी रेंज सील केली आणि आमचे सगळ्यांचे जबाब घेतले. डिमेलोंनी किल्लीचं काहीही न लपवता सांगितलं, हे इथे नोंदवते. ते मला म्हणाले, "मला वाटलं, पिस्तूल म्हणजे पिस्तूल." मी त्यांच्यासमोर चहा ठेवला.

शवपेटी गावी पोचल्यानंतर गावडेच्या बायकोचा, सुमनताईंचा, फोन आला. मी घरी भाजी चिरत होते. मुलीने विचारलं, "Mamma, who is it?" मी तिला आत जायला सांगितलं.

"मॅडम, एक इचारायचं हुतं," सुमनताई म्हणाल्या. "खरं सांगशीला?"

"विचारा."

"हितं लोक म्हणत्यात, दुबईत समद्यांच्या नोकऱ्या चालल्यात, कर्ज झालं असंल, म्हणून त्यांनी सोताच्या हातानं केलं. थोरला दीर पण तसंच म्हणतोय. पोराला शाळंत पोरं बोलत्यात. त्यांनी सोताहून केलं काय?"

"नाही."

"तुमी मन राखायला म्हणत असशीला."

"मी कोणाचं मन राखत नाही, सुमनताई. ऐका. ज्याला मरायचं असतं तो मॅगझिन काढत नाही. त्याने काढलं होतं. आमच्या जुन्या पिस्तुलात मॅगझिन काढलं की गोळी सुटत नाही. फौजेतही त्याच्या हातात तसंच पिस्तूल होतं. हे नवं होतं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. एक बाई घाबरली होती, तिची भीती घालवायला त्याने ट्रिगर दाबला."

"म्हंजी त्यांना वाटलं, बंद हाय."

"हो."

"आणि बाई घाबरली हुती."

"हो."

"तसंच हुतं त्यांचं," त्या म्हणाल्या. "हे दीराला सांगशीला? असंच सांगा, जसं मला सांगितलासा."

दीर फोनवर आले. मी पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी दोन प्रश्न विचारले, दोन्ही नेमके होते. शेवटी म्हणाले, "बरं झालं, मॅडम. उद्या चावडीवर सांगतो."

दुसऱ्या दिवशी रेंज पुन्हा उघडायची होती. सकाळी दार उघडण्याआधी मी थापा, अस्लम आणि डिमेलोंना तीन नंबरच्या लेनवर बोलावलं. नवं पिस्तूल भरलं, चेंबरमध्ये गोळी घेतली, मॅगझिन काढून टेबलावर ठेवलं.

"हे उडतं, हे आता सगळ्यांना माहीत आहे," मी म्हणाले. "तरी मॅगझिन काढल्यावर ज्याला आत कुठेतरी हे अजून मेलेलं वाटतं, त्याने खरं सांगा."

थापाने हात वर केला.

"दिमाग को पता है, मॅडम. हाथ को नहीं."

अस्लमनेही मान हलवली.

मी लक्ष्याकडे नळी करून ट्रिगर दाबला. गोळी गेली. मग पिस्तूल पुन्हा भरून थापाला दिलं. त्याने मॅगझिन काढलं, दाबलं. मग अस्लम. शेवटी डिमेलोंसमोर धरलं. ते दोन पावलं मागे गेले, मग पुढे आले. गोळी सुटली तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते.

"रिकामं करा," मी सांगितलं.

"मॅगझिन काढलेलंच आहे."

"मग?"

त्यांनी पिस्तुलाची वरची स्लाइड मागे ओढली, धरून ठेवली, वाकून चेंबरमध्ये बघितलं. बोट घालूनही बघितलं.

"रिकामं."

मी थापाला दार उघडायला सांगितलं. ड्युटीच्या फळ्यावर तीन नंबरपुढे गावडेचं नाव अजून होतं. ते मी पुसलं नाही. खाली माझं लिहिलं आणि लेनवर उभी राहिले.